डोक्यातले झटके

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, ऋषिपंचमीच्या संध्याकाळी, मंडळाच्या सभागृहात दोघांनी मिळून केलेल्या भाषणाचा मजकूर.)



कार्यवाहांचा फोन आला तेव्हा त्यांना वाटलं होतं की आम्ही दरवर्षीप्रमाणे नाट्यगीतांवर काहीतरी करू. आम्ही म्हटलं, यंदा विषय आजाराचा आहे. ते म्हणाले, "मधुमेह का? चालेल की." नाही म्हटलं. "मग गुडघे?" तेही नाही. नैराश्याच्या गोळ्या सोडताना डोक्यात जे झटके बसतात त्यांच्याबद्दल बोलायचं आहे, असं सांगितल्यावर पलीकडे जरा शांतता झाली. मग ते म्हणाले, "उत्सवात? बघा बुवा." पण त्यांनी नाही म्हटलं नाही, आणि पत्रकावर विषय स्पष्ट छापला, याबद्दल त्यांचे आभार.

आम्ही दोघं नवरा-बायको. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली. हे भाषण आम्ही मिळून लिहिलंय आणि आलटून पालटून वाचणार आहोत. त्यात एकमेकांना काय म्हणायचं यावर घरी बरीच चर्चा झाली. 'मी' म्हटलं तर कोणता मी, हा घोळ. म्हणून लग्नपत्रिकेत छापतात तसं 'श्री.' आणि 'सौ.' म्हणू. गोळ्या श्री. घेत होते. त्या चार लोकांपासून लपवण्याचं काम सौ. करत होत्या. दोघांचीही चूक आहे, म्हणून दोघंही उभे आहोत.

श्री. बँकेतून निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात सगळे म्हणाले, आता मजा करा. पहिले सहा महिने ती केलीही. सकाळी फिरणं, परतताना पोहे-जिलबी, दुपारी वाचनालय. मग हळूहळू फिरणं सुटलं. पोह्यांच्या गाडीवर उभं राहायचा कंटाळा यायला लागला. इंदूरच्या माणसाला पोह्यांचा कंटाळा आला की घरच्यांनी तेव्हाच ओळखायला हवं, पण आम्ही ओळखलं नाही. पहाटे तीनला जाग यायची ती येऊन बसायची. वर्तमानपत्र तसंच घडीचं घडी पडून राहायचं. वजन सात किलो उतरलं. रक्ताच्या तपासण्या झाल्या, सगळं बरोबर. शेवटी मुलाने पुण्याहून येऊन जवळजवळ ओढूनच मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. पॅरोक्सेटिन नावाची गोळी सुरू झाली, आधी दहा मिलिग्रॅम, नंतर वीस. पाच-सहा आठवड्यांनी एका सकाळी श्री. अंघोळ करताना गुणगुणताना ऐकू आले. सौ. स्वयंपाकघरात होत्या, त्यांनी गॅस बंद केला आणि तशाच उभ्या राहिल्या.

हे आधी सांगतोय, कारण पुढचं ऐकून कोणी घरी जाऊन आपल्या गोळ्या फेकून देऊ नयेत. त्या गोळीने आमचा माणूस आम्हाला परत दिला. तिच्याशी आमचं भांडण नाही.

आता लपवण्याबद्दल. गोळ्यांची पट्टी कोणी पाहिली, नाव वाचलं, मोबाइलवर शोधलं तर? येणारे-जाणारे, सोयरे, भजनी मंडळातल्या बायका. म्हणून सौ. पट्टीतून गोळ्या काढून कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत भरून ठेवत. डबी फ्रीजवर. कोणी विचारलं तर हाडांच्या गोळ्या. आमच्या सुनेलाही चार वर्षं तेच माहीत होतं. मुलाला आम्हीच शपथ घातली होती. बीपीची गोळी आपण पंगतीत बसून सगळ्यांसमोर घेतो, इन्सुलिनचं इंजेक्शन घेताना तर "जरा थांबा हं" म्हणून सगळ्यांना थांबवतो. ही गोळी मात्र डबी बदलून.

दोन वर्षांपूर्वी, पिठोरी अमावास्येच्या दिवशी ती डबी रिकामी झाली. तोवर भरायचं काम श्री. स्वतःच करायला लागले होते. डॉक्टरांकडे जाऊन आठ महिने झाले होते. चिठ्ठी जुनी झाली होती आणि औषधवाल्याने नवीन चिठ्ठी आणा म्हणून सांगितलं. त्याचं बरोबरच होतं. घरात रंगकाम चाललेलं, चार दिवसांवर गणपती. त्यात सकाळच्या फिरायच्या कट्ट्यावर कोणीतरी तिसऱ्याच माणसाबद्दल बोलताना म्हणालं, "या गोळ्यांची सवय लागते. हिंमत असेल तर सोडून दाखवावं." बोलणाऱ्याला श्रींचं काहीच माहीत नव्हतं. पण ते वाक्य श्रींना लागलं. तब्येत तर उत्तम होती. मग कशाला हव्यात? त्यांनी मनाशी ठरवलं आणि सौ.ना सांगितलं नाही.

चतुर्थीला आमच्या घरी प्रतिष्ठापना झाली. विहीणबाई आलेल्या, नातू आलेला. आरती झाली, आणि शेवटी आपण सगळे हात जोडून स्वतःभोवती गिरकी घेतो ना, ती श्रींनी घेतली. त्याच क्षणी डोक्याच्या आत, दोन कानांच्या मध्ये कुठेतरी, कोणी बटण दाबून लगेच बंद करावं तसं झालं. कानात 'झप्प' असा आवाज. एक क्षणभर सगळं तुटलं आणि पुन्हा जोडलं गेलं, जुन्या सिनेमाच्या रिळातली दोन-चार चित्रं कापून चिकटवावीत तसं. दुखलं नाही. पण पाय लटपटले आणि त्यांनी मखराचा खांब धरला.

त्यांना पहिली शंका काय आली? दिव्यांच्या माळेची. मखराला माळ गुंडाळलेली होती, त्यात करंट उतरला असणार. त्यांनी सगळ्यांना मखरापासून लांब उभं केलं, टेस्टर आणला, माळ तपासली. दिवा लागेना. मग आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने सगळं पाहून सांगितलं, "बाऊजी, सब ठीक है, कहीं करंट नहीं है." तो हे सांगत होता तेव्हा श्रींनी त्याच्याकडे मान वळवली आणि पुन्हा झप्प.

मग ते होतच राहिलं. डोळे डावीकडून उजवीकडे फिरवले की झटका. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहिलं की झटका. पोथी वाचताना ओळ संपून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला नजर नेली की झटका. ते मान न वळवता अख्खं शरीर वळवायला लागले, नंदीबैलासारखे. रात्री घामाने कपडे भिजायचे. स्वप्नं अशी पडायची की उठल्यावर खरं कोणतं ते कळायला वेळ लागे. गौरी जेवणाच्या दिवशी पुरणपोळीवर तूप वाढायला जरा उशीर झाला म्हणून ते विहीणबाईंसमोर सौ.वर ओरडले, आणि मग आत जाऊन रडले. एकोणचाळीस वर्षांत तुपावरून आवाज चढला नव्हता.

अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या निघतात. श्री. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्या बघत आले आहेत. गिरण्या बंद पडल्या तरी झांक्या निघायच्या थांबल्या नाहीत, हे आपण सगळे जाणतो. त्या वर्षी श्री. गेले, पण ते हलते दिवे, ती फिरती चित्रं डोळ्यांना सोसेनात. एका दुकानाच्या पायरीवर डोळे मिटून बसून राहिले. नातू हात ओढत होता, "आजोबा, बघा ना."

दरम्यान डॉक्टर चालू होते. एकांनी मानेचं दुखणं म्हणून पट्टा दिला. एकांनी कान तपासून चक्करेची गोळी दिली. चष्म्याचा नंबर बदलला. मग मेंदूचा एमआरआय झाला. तो स्वच्छ. यात डॉक्टरांना दोष द्यावा असं आम्हाला वाटत नाही, आणि का ते सांगतो. प्रत्येक ठिकाणी त्यांनी विचारलं होतं, "कोणती औषधं चालू आहेत?" श्रींनी दर वेळी उत्तर दिलं, "बीपीची एक." ते खोटं नव्हतं. दुसरी गोळी चालू नव्हतीच, ती बंद झाली होती. आणि शेजारी बसलेल्या सौ., ज्यांना वाटत होतं की ती अजून चालू आहे, त्याही गप्प बसल्या. कारण बाहेर ओळखीचे लोक बसले होते आणि दार अर्धं उघडं होतं.

सर्वपित्री अमावास्येला, म्हणजे बरोब्बर एक महिन्याने, सौ.नी नवरात्राची साफसफाई काढली आणि फ्रीजवरची डबी हातात आली. रिकामी. आत पिठासारखी धूळ. त्यांनी श्रींना विचारलं. श्री. म्हणाले, "सोडली." "कधी?" "पोळ्याच्या दिवशी." सौ.नी चिंधी तिथेच टाकली आणि मनोविकारतज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. झटका बसतो तेव्हा डोळे बाजूला फिरलेले असतात का? सौ. थक्क झाल्या. महिनाभरात हे कोणीच विचारलं नव्हतं.

गोळी पुन्हा सुरू झाली. तिसऱ्या दिवशी झटके थांबले.

आता हे काय होतं, ते आम्हाला जसं समजलं तसं सांगतो. आम्ही डॉक्टर नाही. श्री. बँकेतले, सौ. शाळेतल्या. पण गेली दोन वर्षं आम्ही डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून भंडावलंय.

आपल्या मेंदूतल्या पेशी एकमेकींशी रसायनांच्या मदतीने बोलतात. त्यातलं एक सेरोटोनिन. एका पेशीने ते सोडलं की काम झाल्यावर परत आत ओढून घेते. श्रींची गोळी हे परत ओढणं अडवते, त्यामुळे सेरोटोनिन बाहेर जास्त वेळ टिकतं. मेंदू काही स्वस्थ बसत नाही. बाहेर एवढं टिकतंय म्हटल्यावर तो आपल्या बाजूने जुळवून घेतो, महिनोन्‌महिने, हळूहळू. शाळेतली रस्सीखेच आठवा. दोन्ही बाजूंनी जोर लागलेला असतो, दोर स्थिर असतो. एका बाजूने दोर अचानक सोडला की दुसरी बाजू धाडकन मागे पडते. पडणारे अशक्त असतात म्हणून पडत नाहीत. जोर लावून उभे असतात म्हणून पडतात.

त्यातून झटकेच का, आणि डोळे बाजूला फिरल्यावरच का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत झालेलं नाही. पण डोळ्यांचा संबंध श्रींच्या मनाचा खेळ नव्हता. अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी २०१८ मध्ये अशा शेकडो लोकांचे अनुभव एकत्र केले, त्यात हीच गोष्ट पुन्हा पुन्हा आली. इंग्रजीत लोकांनीच याला 'ब्रेन झॅप्स' असं नाव पाडलं. आपल्याकडे नावच नाही. श्री. 'झपकी' म्हणतात, पण इंदुरात झपकी म्हणजे डुलकी, त्यामुळे ऐकणाऱ्याचा गैरसमज होतो.

गोळी सोडल्यावर त्रास होतो हे कोणाला ठाऊकच नव्हतं, असं नाही. नैराश्यावरची पहिल्या पिढीतली गोळी इमिप्रामीन. स्वित्झर्लंडच्या रोलांड कून नावाच्या डॉक्टरांनी १९५७ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं, आणि ती अचानक बंद केली तर रुग्णांना त्रास होतो याच्या नोंदी त्या दशकाच्या अखेरीसच झाल्या. नंतर फ्लुऑक्सेटिन आली, तिला अमेरिकेत १९८७ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, आणि तिच्या मागोमाग आमच्या पॅरोक्सेटिनसकट बाकीच्या. बरीच वर्षं पुस्तकांतून हेच लिहिलं जात होतं की त्रास किरकोळ असतो आणि साधारण आठवड्याभरात जातो. ज्यांचा जात नव्हता ते सांगत राहिले. ब्रिटनमधल्या मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१९ मध्ये आपली भूमिका बदलली आणि काहींना हा त्रास जास्त तीव्र आणि लांबणारा असू शकतो हे मान्य केलं.

किती जणांना होतो, याचे आकडे फार वेगवेगळे सांगितले जातात. २०२४ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. गोळी बंद केलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना काहीतरी त्रास झाला. पण ज्यांना नुसतीच साखरेची गोळी देऊन ती बंद केली होती, त्यांच्यातही १७ टक्के लोकांनी त्रास सांगितला. म्हणजे भीतीचा, अपेक्षेचा काही भाग असतोच. तीव्र त्रास ३५ जणांत एकाला. बँकेतल्या माणसाला हे आकडे आवडले. बहुतेकांना काही होणार नाही, ही त्यातली चांगली बातमी. श्री. त्या ३५ मधले एक निघाले, एवढंच.

गोळी कोणती, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. काही गोळ्या शरीरातून लवकर उतरतात. पॅरोक्सेटिन साधारण एका दिवसात निम्मी होते. व्हेन्लाफॅक्सिन तर काही तासांतच. यांचे डोस चुकले की लगेच जाणवतं. फ्लुऑक्सेटिन मात्र शरीरात दिवसच्या दिवस, तिच्यापासून तयार होणारा पदार्थ तर आठवडाभराच्या वरही रेंगाळतो, म्हणून ती जाताना सहसा एवढा गोंधळ घालत नाही. यावरून आम्हाला एक जुनी गोष्ट उलगडली. तीन वर्षांपूर्वी उज्जैनला लग्नाला गेलो होतो, गोळ्या घरी राहिल्या. दुसऱ्या रात्री श्रींना गरगरायला लागलं. आम्ही दोष दिला लग्नातल्या रबडीला.

एक प्रश्न आम्हाला सगळ्यांत जास्त छळत होता. हा आजारच परत आला नाही ना? गौरीच्या दिवशीचं ते रडणं नैराश्याचं की गोळी सोडल्याचं? डॉक्टरांनी काही खुणा सांगितल्या. गोळी सोडल्याचा त्रास बहुधा थोड्याच दिवसांत सुरू होतो. आजार परतायचा तर सहसा काही आठवडे, महिने जातात आणि तो हळूहळू चढतो. झटके, गरगरणं, घाम, मळमळ हे नैराश्याचे मूळचे सोबती नव्हेत. आणि गोळी परत सुरू केल्यावर दोन-चार दिवसांत सगळं निवळलं, तर ते सोडल्याचंच. नैराश्य इतक्या लवकर निवळत नाही, हे आम्ही पहिल्या वेळी पाहिलंच होतं. तरी हे घरच्या घरी ठरवू नका. दोन्ही एकत्रही असू शकतात.

कट्ट्यावरच्या त्या 'सवय लागते' बद्दलही डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दारूची किंवा तंबाखूची तलफ येते तशी या गोळीची येत नाही. श्रींना त्या महिन्यात गोळी घ्यावीशी एकदाही वाटली नव्हती, ते ती विसरूनच गेले होते. पण शरीराला तिची सवय झालेली असते हे खरं आहे, आणि ते नाकारूनही चालत नाही. दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो आणि मग कोणी गोळी सुरू करायला घाबरतं, तर कोणी एका दिवसात टाकून हिंमत दाखवायला जातं.

मग पुढचा प्रश्न. सोडायची तर कशी? श्रींना सोडायची होती आणि डॉक्टरही हरकत नाही म्हणाले, पण घाई नको. वीसवरून पंधरा, मग दहा, हे सहज झालं. दर टप्प्यानंतर चार-सहा आठवडे थांबायचं. श्री. म्हणाले, निम्मी वाट संपली. डॉक्टर हसले. म्हणाले, खरी वाट आता सुरू होते.

हे आम्हाला समजायला वेळ लागला. सौ.नी ते वरणातल्या मिठावरून समजावून घेतलं. अळणी वरणात पहिली चिमूट टाकली की चव केवढी बदलते. पुढच्या चिमटीने तेवढी बदलत नाही, आणि चौथ्या-पाचव्याला तर फारसं कळतही नाही. या गोळ्यांचं तसंच आहे. पॅरोक्सेटिनच्याच जातीची सिटॅलोप्रॅम नावाची गोळी आहे. तिचे वीस मिलिग्रॅम मेंदूतली सेरोटोनिन ओढण्याची सुमारे ८० टक्के दारं अडवतात. आणि पाच मिलिग्रॅम? वीस टक्के नव्हे, जवळजवळ ६०. म्हणजे वीसवरून पाचवर येताना वीस टक्क्यांचाच फरक पडतो, आणि पाचवरून शून्यावर उडी मारली तर साठ टक्क्यांचा. शेवटचा तुकडा दिसायला सगळ्यांत लहान, म्हणून लोक तो एकदम टाकून देतात आणि तिथेच आपटतात. शेवटच्या पायऱ्या सगळ्यांत बुटक्या ठेवायच्या, असं डॉक्टर म्हणाले.

आमचंही तसंच झालं. दहावरून साडेसात, साडेसातवरून पाच, इथवर ठीक. गोळी कापायची छोटी डबी मिळते, ती आणली होती. सौ. रविवारी चष्मा लावून आठवड्याचे तुकडे करून ठेवत. पाचवरून अडीचवर आलो आणि पाचव्या दिवशी झटके हजर. या वेळी आम्ही घाबरलो नाही. डॉक्टरांना फोन केला, त्यांच्या सल्ल्याने पुन्हा पाचवर गेलो. काही लोक एक दिवसाआड गोळी घेऊन कमी करायला बघतात. आम्हीही ते सुचवून पाहिलं. डॉक्टर नको म्हणाले. लवकर उतरणाऱ्या गोळीत एक दिवसाआड म्हणजे दर दुसऱ्या दिवशी ती थोडीथोडी सोडणंच झालं. आणि सगळ्याच गोळ्या कापता येत नाहीत हेही ध्यानात ठेवा. ज्या शरीरात हळूहळू विरघळाव्यात म्हणून बनवलेल्या असतात त्या कापल्या किंवा कुटल्या तर सगळा डोस एकदम उतरतो. आधी विचारा.

झटके थांबवणारं असं खात्रीचं वेगळं औषध नाही. आम्ही जे केलं ते साधं आहे. गोळीची वेळ ठरलेली, रात्री साडेनऊ, बातम्या संपल्यावर. झटके होते त्या दिवसांत श्रींनी स्कूटरला हात लावला नाही. हा नियम मोडू नका, झटका चौकात बसू शकतो. मान वळवायची तर आधी मान, मग सावकाश डोळे. झोप मोडू द्यायची नाही. एका जुन्या खतावणीच्या वहीत तारीख, डोस आणि झटक्यांची संख्या लिहायची. श्रींना हिशेब ठेवायला मिळाला याचा त्यांना आनंद झाला. पण वहीचा खरा उपयोग असा झाला की वाईट दिवशी मागची पानं उलटून दिसायचं, असाच दिवस मागेही आला होता आणि नवव्या दिवशी गेला होता.

काही गोष्टी मात्र झटके म्हणून घरी बसून सोसायच्या नाहीत. शुद्ध हरपली, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, हात किंवा पाय लुळा पडला, अंग आखडून फिट आली, तर सरळ दवाखाना. आणि जगणं नको असं मनात आलं, तर त्याच क्षणी कोणाला तरी सांगायचं. सरकारची टेली-मानस नावाची फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६. २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीही उचलतात. हा क्रमांक आम्ही फ्रीजवर लावलाय, जिथे पूर्वी ती डबी होती.

आता आपल्या लोकांबद्दल थोडं बोलू द्या. या शहरात आपल्या चार-पाच पिढ्या झाल्या. कोणाचा पणजोबा होळकरांच्या नोकरीत, कोणाचा शिक्षक. आपण एकमेकांना घराण्यासकट ओळखतो, आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्यामुळेच आपल्याला वाटतं की एकाच्या डोक्याचं काही निघालं तर ते अख्ख्या घराण्याच्या नावावर चढेल, मुलीच्या स्थळापर्यंत जाईल. 'कासव' सिनेमा आपण याच सभागृहात दाखवला होता. सगळ्यांनी डोळे पुसले. चहाच्या वेळी मात्र प्रत्येकाने तो दिग्दर्शनाबद्दल बोलून साजरा केला, आम्हीसुद्धा. श्रींच्या खिशात तेव्हा गोळी होती.

श्रींनी डॉक्टरांना सांगितलं असतं तर मानेचा पट्टा, नवा चष्मा, एमआरआय, काहीच लागलं नसतं. सौ.नी डबी बदलली नसती तर ती रिकामी झाल्याचं घरातल्या कोणाला तरी दिसलं असतं. हे आम्हाला मागाहून कळलं. म्हणून पहिलं काम केलं ते सुनेला सांगण्याचं. आम्ही तिला समोर बसवून, प्रस्तावना करून, घसा खाकरून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, माझी आई सहा वर्षं घेतेय." म्हणजे विहीणबाई. ज्यांच्यापासून आम्ही सणावाराला ती डबी आत नेऊन ठेवत होतो. त्या समोरच बसल्या आहेत आणि हे सांगायला त्यांचीच परवानगी आहे. त्यांनी तर असंही सुचवलं होतं की नाव घेतलं तरी चालेल, पण पत्रिकेचा नियम सगळ्यांना सारखा.

विहीणबाई गोळी सोडणार नाहीत, आणि त्यांच्या डॉक्टरांचंही तेच मत आहे. त्यांना आजार तीनदा येऊन गेलाय. गोळी चालू ठेवणं हा त्यांच्यासाठी शहाणपणा आहे. श्री. सध्या पाच मिलिग्रॅमवर आहेत. दिवाळी होऊ द्यावी, मग पुन्हा बघू, आणि या वेळी अडीचवर जाताना मध्ये आणखी एक पायरी घालू, असं ठरलंय. झालं तर झालं. नाही झालं तर पाच मिलिग्रॅम ही काही फार मोठी गोष्ट नाही, असं श्री. आता म्हणतात. दोन वर्षांपूर्वी म्हणत नव्हते.

काल चतुर्थीला घरी आरती झाली. शेवटची गिरकी श्रींनी घेतली, सावकाश, एका हाताने खुर्ची धरून. नातू आता आठ वर्षांचा आहे. त्याने विचारलं, "आजोबा, तुम्ही स्लो मोशनमध्ये का फिरता?" श्रींनी त्याला गोळीचं सांगितलं, झटक्यांचं सांगितलं. त्याने विचारलं, झटका बसला की लाइट दिसतो का? नाही म्हटल्यावर त्याचा रस संपला आणि तो मोदकांकडे गेला.

चहा तयार आहे अशी खूण मागून होतेय. आम्ही दोघं खाली, उजवीकडच्या खिडकीपाशी बसतो. कोणाला एकट्याने काही विचारायचं असेल तर या. आणि चारचौघांत विचारायचं असेल तर आत्ताच हात वर करा, चहा पाच मिनिटं थांबेल.